हैदराबादची थार, वर्ध्याचा नंबर, माझ्या चार चकरा

आधी निकाल सांगून टाकतो. परराज्यातली मॉडिफाय केलेली गाडी घेत असाल तर मॉडिफिकेशनचा एक रुपयाही देऊ नका. ते सगळं तुम्हालाच उतरवायचं आहे.

मी 2015 ची महिंद्रा थार घेतली, डिझेल, फोर बाय फोर. कंपनीच्या कापडी हूडच्या जागी बाहेरून बसवलेला हार्डटॉप, पुढे लोखंडी बुलबार, छपरावर लाइटची पट्टी, अंगाबाहेर आलेली टायरं आणि मूळच्या लाल रंगावर मॅट काळं रॅप, म्हणजे चिकटवलेली फिल्म. या नटव्या सामानाचे विकणाऱ्याने वेगळे 90 हजार लावले, मी हसत मोजले. हिंगणघाटहून पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल करत हैदराबाद. 44 नंबरचा हायवे आहे, झोप काढून निघा, बस.

पहिला दगा एनओसीचा, म्हणजे तिकडच्या आरटीओच्या ना-हरकत पत्राचा. "आठ दिनमें भेज देंगे" म्हणता म्हणता दीड महिना गेला. गाडीवर चलानं थकलेली, आणि कर्ज फिटूनही बँकेचा बोजा आरसीवर तसाच, कारण तो उतरवायचा फॉर्म 35 कुणी भरलाच नव्हता. त्यापायी दुसरी चकर झाली. म्हणून फॉर्म 28, म्हणजे ही एनओसी, हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याच्या सह्या तुमच्या डोळ्यांसमोर घ्या, आरसीवरच्या सहीशी ताडून पाहा. नव्या नंबरचा फॉर्म 27 इकडे येऊन भरायचा.

गावात जो तो सांगते, "वर्षभर चालते ना भाऊ, कायची घाई?" वर्षभराची मुभा गाडी दुसऱ्या राज्यात ठेवण्यापुरती आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 मधली. विकत घेणाऱ्याला मालकी बदलाची खबर द्यायला 30 दिवसच. मला उशीर झाला, दंड भरला.

आता खरा भाग. वर्ध्याच्या आरटीओत तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आरसी हातात धरली आणि विचारलं, "रंग लाल लिहिला आहे, लाल कुठं आहे?" मी दरवाजा उघडून आतली लाल पट्टी दाखवली. ते हसलेसुद्धा नाहीत. मग हूड, बुलबार, टायरं. "कागदावरची गाडी घेऊन या." दोन मिनिटांत माझी पाळी संपली. चाळीसेक किलोमीटर परत येताना मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

दोन दिवसांनी राग उतरल्यावर कायदा वाचला, तर माणूस बरोबर होता. कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला मनानं बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितलं. 182अ खाली एकेका बदलाला 5 हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बुलबारवर तर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. सीएनजी किटची गोष्ट वेगळी: किट मान्यताप्राप्त असेल तर आरसीवर नोंद होते, फक्त सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणी चुकवू नका.

बाहेर चहाच्या टपरीवर एक एजंट भेटला. "18 हजार द्या, गाडी आणायचं कामच नाई." हे करू नका. आरसी निघेलही, पण उद्या अपघात झाला तर विमावाला तुमचा बुलबार पाहूनच क्लेम अडवेल.

मग उतरवणं सुरू. रॅप मी स्वतः काढलं. मे महिन्यात आपल्याकडे हीटगन लागत नाही, गाडी दुपारी उन्हात उभी करा, चादरीसारखं सोलून येते. कापडी हूड आणि मूळच्या मापाची चाकं नागपूरच्या भंगारात दोन दिवस फिरून मिळाली, 31 हजार गेले. सगळ्यात जास्त दुखलं ते मेकॅनिकचं. चार नटांचा बुलबार काढायचे त्याने 4 हजार सांगितले, कारण मी घाईत आहे हे त्याला दिसत होतं. घासाघीस करून 1500 वर आणलं. पाना घरी असेल तर तेही देऊ नका.

इकडचा रोड टॅक्स तुम्ही मोजलेल्या किमतीवर बसत नाही. मूळ बिलाची किंमत आणि गाडीचं वय पाहतात, म्हणून मूळ बिलाची प्रत विकणाऱ्याकडून आधीच मागून घ्या. डिझेलचा दर पेट्रोलपेक्षा चढा आहे, तो सौद्यातच धरा.

दुसऱ्या तपासणीला चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घेतला, तेच निरीक्षक, पाच मिनिटं. एमएच-32 ची पाटी लागली त्या दिवशी मी हिंगणघाटपर्यंत हूड उघडं टाकून आलो, तोंडात धूळ गेली तरी.

90 हजारांतला हार्डटॉप सध्या गोठ्यात उताणा पडला आहे, त्यात बकऱ्या बसतात. कुणाला पायजे असेल तर फुकट घेऊन जा. फक्त गाडीवर बसवू नका.