जुन्या डब्याची कडी, नवा साचा

रेल्वेच्या जुन्या लाकडी डब्याच्या दुरुस्तीत इंटर्नच्या हाती पहिल्यांदा थ्रीडी स्कॅनर देऊ नये, बारीक मापं घेणारा व्हर्नियर कॅलिपर द्यावा. बार्शी लाइट रेल्वेसारख्या (1897, 762 मिमी गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर) ब्रिटिशकालीन गाड्यांची मापं इंचात. कॅलिपरवर 18.8 मिमी दिसलं तर मूळ माप बहुधा पाऊण इंच, म्हणजे 19.05, बाकीची झीज. माप घ्यायचं ते न झिजलेल्या जागी, रंगाचे थर खरवडून.

पितळेची चकचकीत कडी स्कॅन करताना प्रकाश परावर्तित होऊन जाळीला (स्कॅनरने बिंदू जोडून तयार केलेल्या आकाराला) भोकं पडतात. आधी खडूच्या पुडीचा पातळ हात द्यावा. पण स्कॅनची जाळी म्हणजे झिजलेल्या भागाचा हुबेहूब फोटो, ड्रॉइंग नव्हे. तिच्यावर नव्याने पॅरामेट्रिक मॉडेल, म्हणजे मापं टाकून बदलता येणारं कॉम्प्युटर मॉडेल, काढावंच लागतं. इथेच सगळे कंटाळा करतात.

ओतकामासाठी नमुना (वाळूत दाबून साचा उठवायचा तो तुकडा) मूळ मापाचा चालत नाही. थंड होताना पितळ सुमारे 1.5 टक्के, बीड (ओतीव लोखंड) सुमारे 1 टक्का आकसतं. म्हणून 200 मिमीची पितळी कडी हवी तर नमुना 203 मिमीचा. जुनीच कडी वाळूत दाबली, तर नवी तीन मिमी आखूड निघते आणि दारात बसत नाही. नमुना वाळूतून सुटावा म्हणून त्याच्या उभ्या कडांना 1-2 अंश उतार, ओतल्यावर तासायच्या पृष्ठांवर 2-3 मिमी जादा. नमुना थ्रीडी प्रिंटचा असेल तर त्याच्या थररेषा पुट्टी, पॉलिशपेपर आणि लाखेने बुजवाव्यात, नाहीतर त्यांना वाळू चिकटते आणि साचा फुटतो.

बोल्ट मात्र मॉडेलमध्ये एम-12 (12 मिमीचा मेट्रिक) टाकू नका. या गाड्यांत व्हिटवर्थ, म्हणजे इंचातले जुने ब्रिटिश आटे: अर्धा इंच बोल्टला इंचामागे 12 आटे, कोन 55 अंश.