सरांच्या गाडीखालचा पुठ्ठा

"सर, आता सेल्फ मारू नका. एकदाही नाही." मी फोनवर हे सांगेपर्यंत सरांच्या मुलानं चार-पाच वेळा किल्ली फिरवून बघितली होती. शेवटचा सेल्फ मला फोनवरच ऐकू आला. इंजिन सेल्फवर फिरताना एक ठेका असतो, घुर्र-घुर्र असा. एकेका सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, त्याचा तो ठेका. इथे मात्र सलग, हलका सर्रर्र आवाज येत होता. कॉम्प्रेशनच नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला.

मे महिना, दुपारचे चार. पुण्याहून कराडला येताना उंब्रजजवळ गाडी चालता चालता बंद पडली होती. धूर नाही, धडाका नाही. संध्याकाळी टोचन करून गॅरेजला आणली. सरांनी मला आठवीत विज्ञान शिकवलं आहे. गाडीतून उतरताना त्यांच्या हातात बिलांची फाईल होती.

"अरे, टायमिंग बेल्ट बदलून बावीस हजार किलोमीटरच झालेत. हे बघ."

बिल खरं होतं. "लोकल माल घातला असणार," मुलगा म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिन तालात ठेवणाऱ्या दातेरी रबरी पट्ट्याचं, कव्हर उघडलं आणि आधी वास आला, तापलेल्या इंजिन ऑइलचा. कव्हरच्या आतून काळा चिखल साचला होता. तेल, रबराचा भुगा आणि रस्त्याची धूळ. कव्हरचे खालचे दोन बोल्ट गायब होते. मागच्या वेळी कुणीतरी बसवायचे राहून गेले असावेत, त्या फटीतून धूळ आत जात होती. बेल्ट तुटलेला नव्हता. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, पुलीपाशी सलग सात दात मुळापासून सोलून निघाले होते. पाठीवरचा नंबर पुसून वाचला, बेल्ट कंपनीचाच होता. पण रबर फुगलं होतं. नख दाबलं तर खूण उठत होती. चांगल्या बेल्टवर नख असं रुतत नाही.

बेल्ट निर्दोष होता. त्याला तेलानं खाल्लं होतं.

कॅमचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, तेल अडवणारं ऑइल सील काढलं. त्याची ओठासारखी कड मऊ असायला हवी, ती प्लॅस्टिकसारखी कडक झाली होती. तिथून तेल थेंब-थेंब बेल्टवर येत होतं. टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, बोटानं फिरवला तर लट्टूसारखा सुटला, खरखर करत. बेअरिंगमध्ये ग्रीस असलं की ते थोडं अडून, गुळगुळीत फिरतं. हे कोरडं झालं होतं. फाईल पुन्हा बघितली. बिलात फक्त बेल्ट. टेन्शनर नाही, बेल्टला वाट देणारी आयडलर पुली नाही, सील नाही. थोडे पैसे वाचावेत म्हणून नवा बेल्ट जुन्या, दमलेल्या बेअरिंगवर आणि गळक्या सीलखाली चढवला होता. मला राग आला तो याचा.

या डिझेल इंजिनात कॅम, वॉटर पंप आणि डिझेलचा हाय प्रेशर पंप, सगळे याच एका बेल्टवर चालतात. क्रँकचे मिनिटाला अडीच हजार फेरे असतील, तर कॅमचे साडेबाराशे. म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला वीस वेळा उघडतो. दात निसटले की कॅम जागीच थांबतो, पिस्टन मात्र वर येतच राहतात आणि उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. इंजिनाचा वरचा भाग, हेड, उतरवलं. आठपैकी सहा व्हॉल्व्ह वाकले होते. पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारख्या खुणा होत्या. सरांनी त्या खुणेवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"सर, घरी गाडीखाली तेल पडतं का?"

"थोडं पडतं. फरशी खराब होते म्हणून पुठ्ठा टाकलाय."

सहा महिने तो पुठ्ठा सांगत होता, आणि त्याला विचारणारं कुणी नव्हतं. सरांची चूक मी मानत नाही. सर्व्हिसिंगला गाडी दोनदा गेली होती. कव्हरच्या खालच्या कडेला हात लावून बघायचं काम तिथल्या माणसाचं होतं.

व्हॉल्व्ह, गॅस्केट, मशीन शॉप धरून बिल पस्तीस हजारांच्या घरात गेलं. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप आणि दोन्ही सीलं नवी टाकली. बेल्ट मी स्वतः चढवला. गॅरेजमधला पोरगा बेल्टची घडी करून खिशात घालायला निघाला होता, त्याला थांबवलं. आत काचेच्या धाग्यांची दोरी असते, घडीत ती मोडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. स्क्रू-ड्रायव्हरनं रेटायचाही नाही. क्रँक आणि कॅमवरचे मार्क जुळवले, पान्यानं क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवली, मार्क पुन्हा बघितले. मग दोघांनी मिळून कव्हरचे सगळे बोल्ट मोजून लावले.

गाडी नेताना सरांना एवढंच सांगितलं, "जुना पुठ्ठा टाकून द्या. नवा टाका, आणि पुढच्या रविवारी मला दाखवायला आणा."

रविवारी सकाळी नऊला ते आले. पुठ्ठा गुंडाळून आणला होता, दोरीनं बांधून, शाळेत नकाशे आणायचे तसा. मी तो ओट्यावर उलगडला. एका कोपऱ्यावर मांजराच्या पावलांची माती होती. तेलाचा डाग नव्हता.