तुम्ही विचारलंत म्हणून: दिशा इलेक्ट्रॉन निवडतात की स्फटिक?

काही स्फटिकांत थंड केल्यावर इलेक्ट्रॉन आपणहून एक दिशा निवडतात, याला नेमॅटिक क्रम म्हणतात. त्यावरचं माझं व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो. थंड केल्यावर स्फटिकच एका बाजूला जरासा ताणला जातो, मग त्याचं श्रेय इलेक्ट्रॉनांना का? शंका रास्त आहे. मी विद्यार्थी असतो तर मीही हीच काढली असती.

बेरियम, लोह आणि आर्सेनिकचं एक संयुग घ्या. सुमारे १४० केल्विनला त्याची अणूंची चौरस जाळी आयताकृती होते. दोन बाजूंतला फरक एक टक्काही नसतो. त्यात थोडं कोबाल्ट मिसळलं, की दोन दिशांमधला विद्युतरोध मात्र जवळजवळ दुपटीने वेगळा भरतो. तोही आखूड बाजूने जास्त! अणू जवळ आले तर वाट सोपी व्हायला हवी होती.

तरी हा पुरावा नव्हे. सममितीच अशी आहे, की जाळी वाकली तर इलेक्ट्रॉन कलणार आणि इलेक्ट्रॉन कलले तर जाळी वाकणार. दोघं कलून बसल्यावर पुढाकार कुणाचा, हे ठरवता येत नाही. म्हणून पाहायचं ते त्या तापमानाच्या वर, सगळं चौरस असताना. २०१२ साली स्टॅनफर्डच्या गटाने स्फटिक पिझो ठोकळ्यावर (विजेचा दाब दिला की लांबी बदलणाऱ्या ठोकळ्यावर) चिकटवला आणि ताण स्वतःच्या हातात ठेवला. जाळी म्हणेल तेवढंच इलेक्ट्रॉन करत असते, तर तेवढ्याच ताणाला प्रतिसादही, म्हणजे दोन दिशांच्या विद्युतरोधातला फरक, साधारण तेवढाच राहिला असता. तो थंड करत जाताना वाढतच गेला. म्हणजे कलायला इलेक्ट्रॉन आधीच टेकले होते. ताणाने फक्त दिशा सुचवली.

इलेक्ट्रॉनांच्या ढगांच्या आकारांची शिस्तबद्ध मांडणी, म्हणजे चतुर्ध्रुव क्रम, हा नेमॅटिक क्रमाच्याच घराण्यातला. अणूभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा ढग कुठे लांबट तर कुठे चपटा असतो. त्याला उत्तर-दक्षिण नसते, फक्त आडवं-उभं असतं. सिरियम हेक्साबोराइडमध्ये हे ढग ३.३ केल्विनच्या आसपास आलटून पालटून मांडले जातात, नेहमीचा चुंबकीय क्रम त्यानंतर २.३ केल्विनला येतो. स्फटिकावर नुसते न्यूट्रॉन सोडून पाहिलं तर ही मांडणी दिसेना. चुंबकीय क्षेत्र लावल्यावर दिसली.

यावर कुणी तरी विचारतंच, मग इलेक्ट्रॉनांना तरी कोण ढकलतं, त्यांची फिरकी (स्पिन, ज्यातून चुंबकत्व येतं) की कक्षकं (ऑर्बिटल, म्हणजे त्यांच्या ढगांचे आकार)? तिथे मात्र भांडण आहे. आयर्न सेलेनाइड ९० केल्विनला दिशा निवडतं आणि नेहमीच्या हवेच्या दाबाला चुंबकीय क्रम धरतच नाही, म्हणून कक्षकवाले खूश. फिरकीवाले म्हणतात, क्रम नसला तरी फिरकीची चळवळ आहेच. माझा कल या दुसऱ्या, फिरकीवाल्यांच्या बाजूला आहे.