वेस्ट ऑकलंड : ज्युव्हेंटसला सहा गोल घालणारं गाव

डार्लिंग्टनला गाडी बदलून बिशप ऑकलंडला उतरायचं, तिथून वेस्ट ऑकलंडची बस धरायची. अंतर तीनेक मैलच, हवा बरी असेल तर चालतही जाता येतं. इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यातलं हे गाव. मधोमध लांबच लांब हिरवळ आणि कडेने जुनी घरं. आपल्याकडचे फुटबॉलवेडे मँचेस्टर-लिव्हरपूल करून परततात. त्यांनी एक दिवस इथे काढायलाच हवा.

१९०९ साली चहाचे व्यापारी सर थॉमस लिप्टन यांच्या नावाच्या चषकासाठी इटलीत, तुरिनला स्पर्धा भरली. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने संघ पाठवायला नकार दिला आणि खेळायला गेलं वेस्ट ऑकलंड. बोलवायचं होतं वुलिच आर्सेनलला (आजच्या आर्सेनलचं जुनं नाव), आद्याक्षरं सारखी म्हणून घोळ झाला, अशी एक दंतकथा आहे. तिला पुरावा नाही, आणि मला ती पटतही नाही, कारण त्यात या गड्यांचं कर्तृत्व झाकलं जातं. कोळशाच्या खाणीत राबणारी ही माणसं पदरमोड करून गेली, स्टुटगार्टच्या संघाला हरवलं आणि अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या विंटरथूरला २-० ने. १९११ मध्ये चषक राखायला पुन्हा गेली. या वेळी अंतिम सामन्यात समोर तुरिनचाच क्लब, पुढे इटलीत बलाढ्य झालेला ज्युव्हेंटस. निकाल ६-१! चषक कायमचा गावाचा झाला. फिफाचा पहिला विश्वचषक व्हायला तेव्हा १९ वर्षं अवकाश होता.

या वाऱ्यांपायी क्लब मात्र कर्जात बुडाला. चषक गावातल्या हॉटेलच्या मालकिणीकडे ४० पौंडांना गहाण पडला, तो सोडवायला १९६० साल उजाडलं आणि १०० पौंड मोजावे लागले. १९९४ मध्ये तो चोरीला गेला. आता आहे ती प्रतिकृती. ती बघायची असेल तर सध्या कुठे ठेवली आहे हे क्लबला आधी विचारून घ्या. हिरवळीवर या विजयाचं शिल्प आहे, ते केव्हाही बघता येतं.

पण खरं बघायचं ते डार्लिंग्टन रोडच्या मैदानावर. क्लब खेळतो नॉर्दर्न लीगमध्ये, १८८९ पासून चालत आलेल्या स्पर्धेत. इथे कठड्याला रेलून उभं राहिलं की खेळाडू हाताच्या अंतरावर. गोलरक्षक बचावफळीला काय ओरडतोय ते शब्दन् शब्द ऐकू येतं, बूट चिखलातून उपसल्याचा आवाजसुद्धा. शेजारच्या आजोबांनी २०१२ आणि २०१४ च्या एफए व्हाझच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या छोट्या क्लबांच्या चषकाच्या, अंतिम सामन्यांचा विषय काढला. गाव दोनदा वेम्बलीला, लंडनच्या राष्ट्रीय मैदानावर, गेलं, दोन्हीदा हरलं. त्यांचा चेहरा बघून मी स्कोअर विचारला नाही.

शनिवारचा दुपारी तीनचा सामना गाठा. आठवड्यातले सामने संध्याकाळी असतात आणि परतीच्या बसची पंचाईत होते. सामना होणार ना, हे निघायच्या दिवशी सकाळी तपासा, पावसाने मैदान भिजलं की ऐनवेळी रद्द होतो. एप्रिलमध्येही जाड जॅकेट लागतं.

सकाळ मोकळी असेल तर बिशप ऑकलंडच्या बाजारचौकातलं खाणकामगारांच्या चित्रांचं दालन चुकवू नका. जमिनीखाली राबलेल्या हातांनी काढलेली चित्रं आहेत ती. वाकून चालणारी माणसं, दिव्याचा तेवढाच उजेड. तुरिनला गेलेले गडी कुठून उठून गेले होते, हे मला तिथे कळलं. म्हणून आधी दालन, मग सामना, हाच क्रम ठेवा.