यूएपीएतला डिफॉल्ट जामीन: तारखा, रोजनामा आणि जामीनदार

यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या आरोपीचे नातेवाईक पहिल्याच भेटीत विचारतात, ‘वकीलसाहेब, गुन्हा खोटा आहे हे कोर्टाला कधी सांगणार?’ आम्ही आधी विचारतो ती पहिल्या रिमांडची, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिल्याची, तारीख. कलम 43 डी(5) प्रमाणे आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की जामीन नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या वटाली निकालापासून त्या टप्प्यावर पुराव्याची चिरफाडही होत नाही. अटकपूर्व जामिनाची वाट कायद्यानेच बंद केलेली आहे. डिफॉल्ट जामीन, म्हणजे ठरलेल्या मुदतीत (इथे 90 दिवस) दोषारोपपत्र आले नाही तर हक्काने मिळणारा जामीन, मात्र पुराव्याच्या बळावर ठरत नाही.

रिमांडच्या वेळी अटकेची कारणे लेखी दिली का, ते पाहावे. नुसती कलमे आणि ‘तपासकामी आवश्यक’ एवढेच लिहिले असेल तर ती या माणसाच्या अटकेची कारणे ठरत नाहीत. प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात (2024) याच मुद्द्यावर अटक बेकायदा ठरली. हरकत तोंडी घेऊन थांबू नये. ती रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) नोंदवून घ्यावी आणि त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज द्यावा.

मोजणी अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून होते, आणि रिमांडचा दिवसही धरला जातो. 3 जूनला रिमांड असेल तर 90 वा दिवस 31 ऑगस्ट. तोवर दोषारोपपत्र आले नाही तर 1 सप्टेंबरला कोर्ट उघडताच अर्ज. 90 वा दिवस रविवारी किंवा गणपतीच्या सुट्टीत आला तरी पोलिसांची मुदत पुढे सरकत नाही.

1993 मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरले. त्यानंतरच्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातूनच ‘संजय दत्त’ निकाल (1994) आला. दोषारोपपत्र येण्याआधी हक्क मागितला नाही तर तो संपतो, हे त्यात पक्के झाले. म्हणून अर्ज दोन ओळींचा चालेल, उशिराचा नाही. अर्जावर तारखेबरोबर वेळही लिहून घ्यावी. अर्ज वेळेत असेल तर दुपारी येणारे दोषारोपपत्र तो हाणून पाडू शकत नाही.

यूएपीएत मुदत 180 दिवसांपर्यंत वाढते, पण पोलिसांच्या पत्रावर नाही. सरकारी वकिलाने स्वतः अहवाल द्यायचा असतो: तपास कुठवर आला, आणि याच आरोपीला 90 दिवसांपुढे आत ठेवण्याचे नेमके कारण काय. परदेशातून उत्तर यायला किंवा मोबाइलचा न्यायवैद्यक अहवाल मिळायला वेळ लागतो, ही यंत्रणेची अडचण खरी असते. पण पोलिसांचे पत्र जसेच्या तसे खाली सही करून पुढे ढकलले असेल तर ‘हितेंद्र विष्णू ठाकूर’ निकाल (1994) दाखवावा. आरोपीला हजर न करता, न सांगता मुदत वाढवली तर ‘जिगर’ निकाल (2022). आणि ही वाढ विशेष किंवा सत्र न्यायालयच देऊ शकते, दंडाधिकारी नाही.

नवे वकील ‘अभियोगाची (खटला चालवण्याची सरकारी) मंजुरी नाही, म्हणजे दोषारोपपत्र अपुरे’ असे मांडून डिफॉल्ट जामीन मागतात. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग बंद केला.

कोकणात खरी अडचण जामीन मंजूर झाल्यावर येते. सातबारावर सामायिक दहा नावे, निम्मे खातेदार मुंबईत, मग तहसीलमधून ऐपतीचा दाखला अडतो. आदेशातल्या वेळेत जामीनदार उभा राहिला नाही आणि मधल्या काळात दोषारोपपत्र आले, तर मिळालेला जामीन हातचा जातो (उदय आचार्य, 2001). 80 व्या दिवसालाच एकट्याच्या नावावर जमीन असलेला जामीनदार आणि त्याची कागदपत्रे तयार असावीत. शिवाय रोख जामिनाची तात्पुरती मुभा अर्जातच मागावी.

अर्ज फेटाळला तर एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायद्याच्या कलम 21 खाली 30 दिवसांत उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींपुढे अपील. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या आदेशांवरचे आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाते, रायगडचे मुंबईला. पावसाळ्यात आंबा किंवा करूळ घाटाच्या भरवशावर शेवटचा दिवस ठेवू नये, ई-फायलिंग करून मोकळे व्हावे.

दोषारोपपत्र वेळेत आले असेल, तर पुढे आधार उरतो तो के. ए. नजीब निकालाचा (2021). खटला लवकर संपण्याची शक्यता नसताना दीर्घ कोठडी झाली, तर 43 डी(5) असूनही घटनात्मक न्यायालय (उच्च किंवा सर्वोच्च) जामीन देऊ शकते. हा मुद्दा लढताना सरकार पक्ष हमखास म्हणतो की उशीर आरोपीमुळेच झाला. म्हणून प्रत्येक तारखेच्या रोजनाम्याची नक्कल काढावी आणि तारीख कोणी मागितली, साक्षीदार आला होता का, आरोपीला तुरुंगातून आणले होते का, याचा तक्ता पहिल्या तारखेपासून ठेवावा.