पाण्यावरचा मंच आणि ०.८७५ची तार

पहाटे पाच वाजता फ्लोराँच्या वाड्यामागच्या उद्यानात फक्त पाण्याचा आवाज असतो. मंच तळ्यावर उभा आहे. त्याच्या मागे आणि डोक्यावर शिंपल्यासारखं वळलेलं ध्वनिकवच, समोर सुमारे २ हजार खुर्च्या आणि सगळीकडे उंच प्लेन वृक्ष, म्हणजे आपल्या चिनाराचे भाऊबंद. या उद्यानात ते ३६५ आहेत असं सांगतात. हा वाडा ज्या गावात आहे ते दक्षिण फ्रान्समधलं ला रोक दांतेरों एक्स-ऑन-प्रोव्हान्सपासून सुमारे ३० किलोमीटरवर, द्युरांस नदीच्या काठी आहे. १९८१ साली तेव्हाचे महापौर पॉल ओनोराटिनी आणि संगीत-आयोजक रने मार्तां यांनी इथे फक्त पियानोला वाहिलेला उन्हाळी महोत्सव सुरू केला. मार्था आर्खेरिच, निकोलाय लुगान्स्की असे वादक इथे वाजवून गेले आहेत.

पियानो लावण्याची खरी वेळ पहाटे पाच ते साडेसात. ऊन वर आलं की झाडांवरचे सिकाडा सुरू होतात. सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर दुपारी रानभर कर्कश आवाज भरून राहतो, तो याच जातीच्या किड्याचा. इथल्या सिकाडाचा आवाज साधारण ४ ते ५ हजार हर्ट्झच्या आसपास असतो आणि पियानोची शेवटची पांढरी पट्टी जवळपास ४२०० हर्ट्झवर बोलते. म्हणजे वरचं सप्तक नेमकं त्यांच्या आवाजात बुडतं. दोन तारांमधले बीट, म्हणजे सूर पुरता न जुळल्यामुळे येणारे ठोके, ऐकू आले नाहीत तर कान आंधळा होतो. म्हणून मधलं सप्तक बसवलं की आम्ही पियानो लावणारे आधी वर जातो आणि खर्ज शेवटी घेतो. खर्जाला सिकाडाचा त्रास कमी.

ज्या दिवसाबद्दल सांगतो आहे तो जुलैअखेरचा. संध्याकाळी दोन कॉन्चेर्तो, म्हणजे एकल पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचना, होते, मध्यंतराआधी एक आणि नंतर एक, वादक तोच. पियानो २७४ सेंटीमीटर लांबीचा, ४८० किलोंचा. पट्ट्या ८८, पण तारा २४३. खालच्या ८ स्वरांना एकेक तार, पुढच्या ५ स्वरांना दोन-दोन, त्यानंतर प्रत्येक स्वराला तीन-तीन. तानपुऱ्याच्या चार तारा जुळवताना जोडीच्या दोन तारा एकजीव होईपर्यंत आपण थांबतो. इथे तशी तिहेरी जुळवणी ७५ वेळा करायची असते.

पहाटे २१ अंश होते. मधला ए, म्हणजे सगळी वाद्यं ज्यावरून सूर घेतात तो स्वर, ४४२ हर्ट्झवर ठेवला, कारण ऑर्केस्ट्राने तोच मागितला होता. फेल्टची लांब पट्टी तारांमध्ये खोचून प्रत्येक स्वराची एकच तार मोकळी ठेवायची, मधल्या सप्तकात पंचम किंचित अरुंद करायचे, खालच्या एफ आणि ए या तृतीय अंतरात सेकंदाला साधारण ७ बीट येतात का ते मोजायचं, मग सप्तकं पसरवायची आणि शेवटी पट्टी काढत बाजूच्या तारा मिळवायच्या. खुंटी फिरवताना तार किंचित वर नेऊन हलकेच खाली बसवायची आणि लगेच तीच पट्टी तीन-चारदा जोरात मारायची. हे मारणं टाळलं की काम नासतं. वादकाच्या पहिल्या जोरकस कॉर्डला न बसलेली खुंटी सुटते आणि स्वर फाटतो.

आता हवेचं. उघड्यावरच्या पियानोचं सगळं दुखणं तिथे आहे. तार पोलादी आणि बारीक, ती काही मिनिटांत तापते किंवा गार होते. तिला ताणून धरणारी चौकट बिडाची, जाड. तिला तेवढ्याच बदलाला तास लागतात. एकटी तार एका अंशाने तापली आणि चौकट तशीच राहिली तर सूर सुमारे २ सेंट उतरतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. पाच अंशांना १० सेंट, आणि तेवढं कुठलाही सरावलेला कान पकडतो. चौकट मागून तापली की सूर हळूहळू परत येतो. दमटपणाची गोष्ट वेगळी. स्प्रूस लाकडाच्या साउंडबोर्डात, म्हणजे तारांखालच्या आवाज घुमवणाऱ्या फळ्यात, ओल मुरली की तो फुगतो, घोडी वर उचलतो आणि तारा चढतात. मधल्या भागात जास्त, खर्जात कमी. हा बदल तासांचा नाही, दिवसांचा. तळ्यावरच्या मंचावर तो सतत चालू असतो, म्हणून पियानोच्या पोटात छोटी हीटर-कांडी बसवलेली असते आणि रात्री जाड रजईचं आच्छादन घालतात. पट्टीच्या भोकातलं बनातीचं अस्तर फुगून पट्टी अडकायला लागली तर चिमट्याने ते दाबून जागा करायची, एवढं काम रोजचं.

यात आणखी एक अडचण आहे आणि ऑर्केस्ट्राबरोबर काम न केलेल्या माणसाला ती पटकन सुचत नाही. हवा तापली की पियानोची तार उतरते, पण ओबो, क्लॅरिनेट, बासरी चढतात, कारण गरम हवेत ध्वनीचा वेग वाढतो. गारठलं की दोघांचं उलटं. म्हणजे तापमान बदललं की एकाच मंचावरची वाद्यं एकमेकांपासून विरुद्ध दिशांना सरकतात. म्हणून पियानो सकाळी सुरेल आहे याला रात्री नऊला किंमत नसते. तालमीनंतर, कार्यक्रमाच्या हवेत, पुन्हा लावावा लागतो.

आणि इथेच महोत्सवाची वाढ आमच्या कामाला येऊन भिडते. फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातला व्हिएय शारू हा रॉक महोत्सव १९९२ला एका लहान गावात सुरू झाला आणि आज काही दिवसांत २ लाखांहून जास्त माणसं गोळा करतो. तिथे आवाज स्पीकरमधून येतो. मैदान वाढलं की स्पीकर वाढवायचे. ला रोकमध्ये पियानो माइकशिवाय ऐकायचा असतो. ध्वनिकवच आवाज पुढे फेकतं, पण मागच्या खुर्चीपर्यंत हळुवार स्वर पोचायला हवा, म्हणून खुर्च्यांना मर्यादा आहे. तेव्हा हा महोत्सव गर्दीने वाढला नाही, तो दिवसांनी, तासांनी आणि जागांनी वाढला. जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पसरला. गावाजवळच्या सिल्वाकानच्या १२व्या शतकातल्या मठात गेला, आसपासच्या गावांत, एक्सच्या नाट्यगृहात गेला. हार्पसिकॉर्ड आला, जॅझ आला, तरुण चेंबर-गटांचं प्रशिक्षण आलं. २०२०मध्ये युरोपातले बहुतेक उन्हाळी महोत्सव रद्द झाले, तेव्हाही याचं ४०वं पर्व उघड्या उद्यानात पार पडलं. या वाढीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण प्रत्येक नवीन कार्यक्रम त्याच मंचावरच्या शांततेतून वेळ कापून घेतो, हे कार्यक्रमपत्रिकेवर दिसत नाही. पियानो लावायला सव्वा ते दीड तास पूर्ण निःशब्द लागतो. खुर्च्या पुसणाऱ्याचा फटकाही बीट झाकतो.

त्या दिवशी साडेआठपासून दुसऱ्या दिवशीच्या वादकाचा सराव होता. दुपारी दिवे आणि ध्वनिमुद्रणाची मांडणी. पावणेसहाला ऑर्केस्ट्राची तालीम. प्रेक्षकांना आत सोडणार सव्वाआठला. म्हणजे शांतता पहाटेची अडीच तास आणि तालीम संपल्यापासून दारं उघडेपर्यंत जेमतेम एक तास.

तालीम सुरू झाली तेव्हा पियानोजवळच्या तापमापकावर ३३ अंश होते, ए ४४०.९वर उतरला होता. अपेक्षित होतं. सहा पंचविसाला सहाव्या सप्तकात फटाका फुटावा तसा आवाज आला. तार तुटली होती. बहुतेक तारा तुटतात त्याच ठिकाणी तुटली, वरच्या दाबपट्टीखाली, जिथे जोराच्या प्रत्येक फटक्याला पोलाद सूक्ष्म वाकत राहतं आणि शेवटी थकतं.

या पियानोत साधी तार एकेकटी बसवत नाहीत. एकच लांब तार मागच्या खिळ्याला वळसा घालून परत येते आणि तिची दोन टोकं दोन खुंट्यांवर जातात. त्यामुळे एक तुटली की दोन गेल्या. तिहेरी तारांच्या भागात तर हा वळसा कधी कधी दोन शेजारी स्वरांमध्ये वाटलेला असतो: एकाची तिसरी तार आणि पुढच्याची पहिली. इथे तसंच होतं. दोन्ही स्वरांना दोन-दोन तारा उरल्या. तुटलेले तुकडे ओढून काढले, कारण मोकळं टोक शेजारच्या तारांवर खडखडतं, आणि तालीम पुढे चालू दिली. दोन तारांवर स्वर थोडा बारीक होतो, बेसूर होत नाही.

सात वाजता मिस्त्राल आला. हा वायव्येकडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उतरणारा कोरडा गार वारा. झाडांचे शेंडे आधी वाकले, मग नोटेशनचे कागद उडाले. आम्ही पहिलं काम केलं ते झाकण खाली घेण्याचं. उघड्या झाकणात वारा शिरला की ते शिडासारखं ओढतं आणि टेकू निसटू शकतो. सव्वासातला तालीम संपली तेव्हा तापमापकावर २४ अंश होते. ए ४४३.४वर पोचला होता, म्हणजे दीड तासात जवळजवळ १० सेंट वर. खर्जातल्या तांब्याने गुंडाळलेल्या जाड तारा अजून पुरत्या गार झाल्या नव्हत्या, त्या मागे होत्या.

इथे हात शिवशिवतात. सगळा पियानो ५ सेंट खाली घेऊन ४४२वर आणावासा वाटतो. तसा आणला असता तर चूक झाली असती. तारा गार झाल्या होत्या, चौकट अजून दुपारचीच गरम होती. ती आकसत जाईल तसा ताण कमी होऊन सूर आपोआप खाली येणार. आत्ता खाली ओढला असता तर नऊ वाजता पियानो ४४२च्या खाली गेला असता, आणि तासाभरात २४३ तारा ताणातून सोडून पुन्हा स्थिर करणं शक्यही नव्हतं. सहकाऱ्याशी बोलून ठरवलं: उंचीला हात लावायचा नाही, फक्त तिहेरी तारा आपसांत मिळवायच्या आणि ऑर्केस्ट्राने ए ओबोवरून नव्हे, पियानोवरून घ्यायचा. कॉन्चेर्तोत तो प्रघातच आहे, पण त्या रात्री निवेदन करून पक्कं केलं.

नवीन तार सहकाऱ्याने घेतली. मायक्रोमीटरने जुना तुकडा मोजला: ०.८७५ मिलिमीटर. त्याच जाडीची तार रिळातून काढून मागच्या खिळ्याला वळसा. खुंटीच्या पुढे चार बोटं जादा ठेवून कापायची, तेवढ्यात ७ मिलिमीटरच्या खुंटीवर बरोबर तीन वेढे बसतात. जास्त वेढे ठेवले की तार पुढे सरकत राहते, कमी ठेवले तर निसटते. वेढे एकमेकांना चिकटवून दाबायचे, खिळ्याजवळचा वळसा खाली ठोकायचा, घोडीवरच्या पिनांपाशी पितळी कांडीने वाक पक्का करायचा. मग सुरापर्यंत ओढायची. दोन मिनिटांत ती २५ सेंट घसरली. पुन्हा ओढली. पुन्हा घसरली, पण कमी. नवीन तारेचा हा ताण निघायला खरं तर काही दिवस लागतात.

त्या वेळात मी मधल्या सप्तकापासून वर एकेक स्वर मिळवत होतो. मिस्त्रालने एक उपकार केला होता, गारठ्याने सिकाडा गप्प झाले होते. पण कवचात वारा घुमत होता, म्हणून कान तारांना जवळजवळ टेकवून ऐकावं लागलं. आठ वाजून दहा मिनिटांनी शेवटचं सप्तक झालं. खर्जातले चार स्वर राहिले. ते गार होऊन स्वतःहून वर येतील हा हिशोब होता.

वादकाने विचारलं, "ती तार टिकेल?"

"पहिल्या भागात तिला बोलू देणार नाही," मी सांगितलं. दोन्ही नव्या तारांवर बारीक फेल्टची पाचर खोचली, हातोड्यांच्या आणि स्वर थांबवणाऱ्या डँपरच्या वाटेत येणार नाही अशी, शेजारच्या तारांना न शिवता. मधूनच उतरणाऱ्या तिसऱ्या तारेपेक्षा गप्प असलेली तार शंभरपट बरी. लोकांना बारीक स्वर जाणवत नाही, थरथरणारा लगेच जाणवतो.

आठ पन्नासला ए मोजला: ४४२.४. चौकट गार होत होती. ओबोवादकाने पियानोवरून सूर घेतला, वाऱ्यासाठी कागदांना चिमटे लागले आणि झाकण पूर्ण न उघडता खालच्या टेकूवर ठेवलं. पहिला कॉन्चेर्तो नीट पार पडला.

मध्यंतर २० मिनिटांचं. त्यात दोन्ही नव्या तारा आणखी दोनदा ओढल्या, जोरात मारल्या, दुसऱ्यांदा फक्त ३ सेंट घसरल्या. एकीची पाचर काढली. वरच्या स्वराची, कारण दुसऱ्या कॉन्चेर्तोच्या शेवटच्या भागात तो सतत लागतो आणि तिथे तिसऱ्या तारेचं बळ हवं होतं. दुसरी पाचर तशीच ठेवली. खर्जाचे ते चार स्वर तपासले. तीन जागेवर होते, चौथ्याला एक हलका झटका दिला.

साडेअकराला खुर्च्या रिकाम्या झाल्या. रजई घालण्याआधी पाचर काढून दोन्ही तारा सुरापेक्षा ५ सेंट वर नेऊन ठेवल्या, म्हणजे रात्रभरात घसरल्या तरी सकाळी फार खाली सापडू नयेत. वहीत लिहिलं: सहावं सप्तक, दोन स्वरांत वाटलेली तार, ०.८७५, पाचदा ओढली. पुढे वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशीच्या पत्रिकेत सकाळचा एक कार्यक्रम वाढला होता, तेव्हा पाचच्या जागी साडेचार.