बादली घेऊन धावलेली मुलगी

गुरुवार, रात्री साडेनऊ

आज माझ्याकडून वाईट झालं. ते आधी लिहिते, नाहीतर इकडचंतिकडचं लिहीत बसेन आणि तेवढंच राहून जाईल.

संध्याकाळी वसतिगृहातल्या मुलींच्या खोल्या झाडायला घेतल्या होत्या. दिवाळीनंतर सहावीत एक नवी पोर आली आहे, तिच्या उशीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन भाकरी निघाल्या. एक कालची, दोन त्याआधीच्या, वाळून कडक झालेल्या. एकीला बुरशी आली होती. मुंग्यांची रांग भिंतीपर्यंत गेली होती. मी तिला सगळ्यांसमोर बोलले. "इथं कोणी उपाशी ठेवतं का तुला? चोरून न्यायची काय गरज?"

चोरून. हा शब्द माझ्या तोंडून गेला. ती स्वेटरच्या बाहीचा उसवलेला धागा ओढत उभी राहिली, काही बोलली नाही. तिचे आईबाप कोयता घेऊन सांगलीकडं ऊसतोडीला गेलेत, कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत यायचे नाहीत. मागची दोन वर्षं तीही त्यांच्याबरोबर कोपीत, फडाजवळच्या झोपडीत, राहत होती. उद्याची भाकरी आजच बाजूला ठेवायची, हे तिला कोणी शिकवावं लागलं नसणार. मला हे सगळं माहीत होतं. माहीत असून बोलले.

रात्रीच्या प्रार्थनेला मुली ओळीनं बसल्या. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे," इथं आल्यावर माझी जीभ अडली. मुली पुढं गेल्या, मी मागंच राहिले.

तेव्हापासून आत काहीतरी गप्प झालंय. एरवी दिवसभर मी मनातल्या मनात प्रभूशी बोलत असते, पीठ मळताना, डाळ निवडताना. आज बोलायला गेले की समोरून उत्तर येत नाही असं वाटतं. घरातलं माणूस रुसून भिंतीकडं तोंड करून पडावं, तसं.

शुक्रवार, दुपार

बायबलातल्या इफिसकरांस पत्रात पौलानं लिहिलंय, देवाच्या पवित्र आत्म्याला खिन्न करू नका. हे वचन मी लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलं होतं. तेव्हा वाटायचं, देव म्हणजे वर बसलेला हेडमास्तर, तो कशाला खिन्न होईल, रागावेल फार तर. आज भांडी घासताना लक्षात आलं की खिन्न कोण होतं? ज्याचा जीव आपल्यात गुंतलेला असतो तो. आणि रुसतं कोण? जे घरात असतं ते. रिकाम्या घरात कोणी रुसत नाही.

गेली तीस वर्षं मला एक गोष्ट सलत आली आहे. ती आज लिहून टाकते.

माझी पणजी मुक्तीतली. दौंडजवळच्या केडगावची पंडिता रमाबाईंची मुक्ती, निराधार बायामुलींची संस्था. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून ज्या मुली आणल्या, त्यांतली ती एक. आठ वर्षांची असेल. आईबाप कोण, गाव कोणतं, काही आठवत नव्हतं तिला. १९०५ सालच्या जूनअखेरीस मुक्तीत जे आत्मिक जागरण झालं, तेव्हा ती तिथंच होती. आमच्या घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की मला ती स्वतः पाहिल्यासारखी वाटते. पहाटे साडेतीनचा सुमार. मुली झोपलेल्या. एका मुलीवर पवित्र आत्मा उतरला, आणि शेजारच्या एका मोठ्या मुलीनं पाहिलं तर तिच्या अंगावर जाळ दिसला. ती खोलीच्या पलीकडं धावत गेली, पाण्याची बादली उचलून आणली, आता ओतणार तोच तिच्या लक्षात आलं की ही काही पेटलेली नाही. मग एकेक मुलगी उठून गुडघे टेकून रडत प्रार्थना करू लागली. त्यांच्यासाठी कित्येक महिने आधीपासून रमाबाई मुलींना घेऊन रोज प्रार्थना करत होत्या.

आमच्याकडं ही गोष्ट सांगताना जाळ उतरलेल्या मुलीचंच कौतुक व्हायचं. आणि मी? मला कधी काही उतरलं नाही. संजीवन सभांना गेले, उपास केले, शेजारची बाई थरथरत होती, रडत होती, मी डोळे मिटून वाट बघत बसले. घरी येऊन पुन्हा पीठ मळायला. देव माझ्याकडं आला नाही, येणारही नाही, असं मी कित्येक वर्षं मनात धरून बसले होते. उपासनेला जायचे, गायचे, दशांश द्यायचे, पण आतून आपण पंगतीला बोलावलेले नाही असं वाटायचं.

या बाबतीत मला रमाबाईंचाच आधार वाटतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. संस्कृत पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली बाई. तिनं स्वतः लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळलं, ख्रिस्ताचा धर्म आपल्याला मिळाला, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नाही, आणि आपल्याला हवा होता तो ख्रिस्तच. एवढ्या मोठ्या बाईला आठ वर्षं लागली आणि तिनं ते लपवलं नाही. मला जास्त लागली तर लागू देत.

पण आजकाल मला जाळ उतरलेल्या मुलीपेक्षा ती दुसरीच जास्त जवळची वाटते. बादलीवाली. झोपेतून उठून, कसलाही विचार न करता, दुसरीचं अंग भाजू नये म्हणून धावली. तिच्या अंगात त्या क्षणी कोण होतं? तिचं नाव कोणी सांगत नाही.

त्या पोरीशी अजून बोलले नाही. दुपारी पंगतीत वाढताना तिच्यापाशी थांबले, धीर झाला नाही. पुढच्या ताटाकडं सरकले.

रविवार, संध्याकाळ

आज उपासनेत रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन झालं, पेटीतबल्यावर. मग पाळकसाहेबांनी बायबलातला एलीया संदेष्ट्याचा भाग घेतला. राजे, पहिलं पुस्तक, अध्याय एकोणीस. होरेब डोंगरावर आधी सोसाट्याचा वारा सुटतो, त्यात परमेश्वर नाही. मग धरणीकंप, त्यातही नाही. मग आग, आगीतही नाही. आणि आगीनंतर एक शांत, हळू आवाज. पाळकसाहेब त्या हळू आवाजावर छान बोलले.

माझं मन मात्र त्याच्या अलीकडच्या वचनांवर अडकलं होतं. डोंगरावर पोचण्याआधी एलीया रानात एका झुडपाखाली आडवा होतो. मला मरण दे म्हणतो. दमलाय, भ्यालाय. आणि देव त्याला काय पाठवतो? दूत येऊन त्याला हलवून उठवतो, ऊठ, खा म्हणतो. उशाशी बघतो तर निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, पितो, परत झोपतो. दूत पुन्हा येऊन पुन्हा खाऊ घालतो. आवाज पुढं चाळीस दिवसांनी. आधी भाकर, तीही दोन वेळा.

उशाशी भाकर! हे ऐकलं आणि मला बाकावर बसवेना.

उपासनेनंतर पाळकसाहेबांशी बोलले. त्यांनी मला लॉरेन्स नावाच्या एका फ्रेंच मठवासी बंधूची गोष्ट सांगितली. तरुणपणी सैन्यात होता, लढाईत जखमी झाला, पाय कायमचा अधू. पॅरिसला कार्मेली मठात गेला आणि तिथं त्याला घातलं स्वयंपाकघरात. स्वयंपाकाची त्याला मुळात नावड होती, तरी पंधरा वर्षं तिथं काढली. तो म्हणायचा की तव्यातलं ऑम्लेटसुद्धा मी देवावरच्या प्रेमापोटी उलटतो. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ त्याला वेगळी वाटत नसे. ठरलेल्या एकांतापेक्षा भांड्यांच्या खणखणाटात देव त्याला जास्त जवळ भेटे. १६९१ साली वारला. म्हणजे सव्वातीनशे वर्षांवर झाली, आणि तो मला काल शेजारच्या चुलीवर बसलेला असावा तसा वाटला.

घरी न जाता सरळ वसतिगृहावर आले. पोर मागच्या ओट्यावर एकटी बसली होती. मी शेजारी बसले. म्हटलं, "परवा मी तुला चोर म्हटल्यासारखं बोलले. माझं चुकलं. मला माफ कर." तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "मावशी, त्या माझ्या नव्हत्या. आई आली की तिला द्यायच्या होत्या."

आई मार्चअखेरीला येणार. मी काय बोलणार होते?

तिला स्वयंपाकघरात नेलं. कोपऱ्यात झाकणाचा एक डबा आहे, तो रिकामा करून, पुसून तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, हा तुझा. रोज रात्री एक ताजी भाकरी यात मी ठेवीन, सकाळी तू खाशील किंवा वासराला घालशील, तुझी मर्जी. आणि तुझी आई येईल त्या दिवशी तुझ्या आईसाठी गरम करून देऊ. तिनं झाकण दोनदा लावून, काढून बघितलं. घट्ट बसतं का ते.

रात्रीच्या प्रार्थनेत आज मागं राहिले नाही. आत परत कोणीतरी कूस बदलली आणि माझ्याकडं तोंड केलं. याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि याहून कमी लिहिलं तर खोटं होईल.

सोमवार, सकाळी सात

नगरची जानेवारीतली थंडी. साडेचारला चूल पेटवली. गॅसची भट्टी आहे, पण बाजरीची भाकरी मी चुलीवरच करते. बासष्ट मुली, दोन-दोन म्हटलं तरी सव्वाशेच्या आसपास. जोडीची बाई पाचला येते, तोवर मी एकटी असते. तो अर्धा तास माझा.

बाजरीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, थापताना कडा फाटतात. म्हणून थोडंथोडंच दळून आणते. ऊन पाणी घालून तळहाताच्या टाचेनं मळायचं, मऊ लागेपर्यंत. गोळा परातीत थापायचा, तव्यावर टाकायचा, वरून पाण्याचा हात फिरवायचा. आणि मग बघत राहायचं. ते पाणी सुकत येतं, पण पुरतं सुकायच्या आत उलटायची. जरा उशीर झाला की भाकरीला भेगा पडतात, मग ती फुगत नाही. दुसऱ्या बाजूनं भाजली की निखाऱ्यांसमोर उभी करायची, तिथं ती टम्म फुगते.

त्या पाणी सुकण्याच्या काही क्षणांत मला दुसरं काही करता येत नाही. कालची काळजी नाही, उद्याचा बाजार नाही. फक्त बघायचं. आज तिथंच मी त्याच्याशी बोलत होते, मोठ्यानंच. एकेका भाकरीला एकेका पोरीचं नाव घेत. ही दहावीतलीची, परीक्षा आहे तिची. ही त्या दम्यावालीची, थंडी बाधू देऊ नकोस. ही सांगलीकडं फडात असलेल्या त्या आईची, हात कापू देऊ नकोस तिचा.

दारात पावलं वाजली. ती पोर, गोधडी पांघरून, अनवाणी. डबा छातीशी.

"मावशी, कुणाशी बोलताय?"

"ये, आत ये, पाय गार पडतील. प्रभूशी बोलतेय."

तिनं चुलीमागं पाहिलं, मग दाराकडं, मग माझ्याकडं.

"कुठंय?"

माझे हात पिठानं भरलेले होते. मी तसाच एक हात छातीवर ठेवला, पदराला पीठ लागलं. तिनं त्या पिठाच्या डागाकडं नीट पाहिलं, गोधडी सावरली आणि चुलीशी येऊन बसली. मी तिच्यापुढं छोटा गोळा सरकवला. तिला थापता येतं, कडेनं पातळ, मध्ये जरा जाड, आईनं शिकवलं असेल तसं.